मे महिन्याची गोधडी

आकड्यांची गोधडी करायची तर सुई सगळ्यात शेवटी हातात येते. आधी वही. भुसावळचं मे महिन्यातलं रोजचं कमाल तापमान एकाखाली एक उतरवायचं आणि दर दिवसाला चार बोटं रुंदीची एक पट्टी द्यायची. रंग कुठे बदलायचा हे मनाने ठरवायचं नाही. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की, सरासरी काहीही असो, हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. म्हणून ४५ ला केशरी संपतो आणि गडद लाल सुरू होतो.

हा लाल मिळवणं फार जिकिरीचं. जुनी लुगडी धुऊन धुऊन विटलेली असतात. दोन लुगड्यांतले दोन लाल शेजारी आले, की बघणाऱ्याला दोन वेगळी तापमानं दिसतात. त्यामुळे एका मर्यादेला एकाच लुगड्याचं कापड लावायचं, तेही ऊन कमी लागलेलं, आतल्या घडीचं.

रात्र येते ती धावदोऱ्यात. किमान तापमान जितकं चढं, तितके टाके दाट. माझ्यासोबत शिवायला बसणाऱ्या मावशींनी अशाच एका दाट पट्टीवरून बोट फिरवत विचारलं, "ह्या रात्री गच्चीवरही झोप लागली नसेल, नाही?" त्यांना मी काहीच समजावून सांगितलं नव्हतं.

धुळ्याची गोधडी पावसाची. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. तेवढ्याच दिवसांना निळा दोरा, बाकी कापड कोरं. २०२३ च्या खरिपात पीकविम्याच्या संदर्भात जो २१ दिवसांचा खंड सगळ्यांच्या तोंडी होता, तो इथे हाताला लागतो.

इंग्लंडात रेडिंग विद्यापीठाच्या एली हायवूड यांनी २०१७ मध्ये तापमानवाढीचे आकडे क्रोशाने विणले; पुढच्या वर्षी तिथल्याच एड हॉकिन्स यांचे रंगीत पट्टे जगभर पोहोचले. म्हणजे ही कला हवामानशास्त्राच्या घरातच वाढली. आपल्याकडे ती हस्तकलेच्या प्रदर्शनात नेली, की गिऱ्हाईक लांबी-रुंदी विचारतं आणि भाव पाडतं. माझं मत पक्कं आहे: खानदेशात तिची जागा जळगावचं केळी संशोधन केंद्र, धुळ्याचं कृषी महाविद्यालय अशा ठिकाणच्या भिंतींवर आहे. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला फळपीक विम्याची भरपाई मिळते, ती पारा सलग किती दिवस मर्यादेबाहेर राहिला यावर. त्याला ही गोधडी वाचायला कोणी शिकवायला नको.

तिथे न्यायची तर दरपत्रकही तसंच हवं. आकडे मिळवणं, तपासणं, मांडणी करणं हे एका ओळीत. शिवणाची मजुरी वेगळ्या ओळीत, आणि तीही नगावर न लावता तासांवर. मागच्या बाजूला कापडी चिठ्ठी: नोंद कोणत्या केंद्राची, साल कोणतं, कोणता रंग किती अंशांचा, शिवणारीचं पूर्ण नाव. शाई धुण्यात जाते, म्हणून तीही दोऱ्यानेच लिहायची.