मालाची वाट : सागरातून की आकाशातून?

नाशिकची द्राक्षे आणि कोकणचा हापूस ही दोन्ही फळे नाशवंत. परंतु परदेशी जाताना त्यांच्या वाटा निराळ्या होतात. द्राक्षे शीत कंटेनरमध्ये बंद होऊन न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून जहाजाने युरोप गाठतात. हापूस मात्र युरोप-अमेरिकेस प्रामुख्याने विमानानेच जातो. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेली द्राक्षे कित्येक आठवडे टवटवीत राहतात. आंब्यास तेवढी थंडी सोसत नाही. मालाची वाट प्रथम ठरवितो तो मालाचा स्वभाव, तो असा.

दुसरा प्रश्न भाड्याचा. विमानभाडे केवळ वजनावर आकारले जात नाही, मालाने व्यापलेली जागाही मोजली जाते. सर्वसाधारणपणे एक घनमीटर जागा म्हणजे १६७ किलो असा हिशेब असतो. बांबूच्या टोपल्यांचे एक घनमीटरचे खोके प्रत्यक्षात ८० किलोच भरले, तरी भाडे १६७ किलोंचे द्यावे लागते. जहाजावर जेथे अनेकांचा सुटा माल एकाच कंटेनरमध्ये भरतात, तेथे एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारणी होते. म्हणूनच हलक्या पण मोठ्या मालास जहाज, तर दागिने किंवा तातडीचे सुटे भाग अशा आटोपशीर, मौल्यवान मालास विमान सोयीचे ठरते.

तथापि जहाजाचे स्वस्त भाडे हा संपूर्ण खर्च नव्हे. प्रवास लांबला की भांडवल अडकून पडते आणि त्यावरील व्याज वाढत जाते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना केप ऑफ गुड होपचा वळसा घ्यावा लागला आणि युरोपच्या प्रवासात सुमारे दहा ते चौदा दिवसांची भर पडली.

तिसरा मुद्दा नवोदित निर्यातदारांच्या सहसा ध्यानी येत नाही. तो म्हणजे कागदपत्रांचा. आदेशानुसार काढलेले जहाजाचे बिल ऑफ लेडिंग हा मालाच्या मालकीहक्काचा दस्तऐवज असतो. मूळ प्रत हाती असल्याखेरीज ग्राहकास माल मिळत नाही. त्यामुळे रक्कम मिळेपर्यंत ती प्रत बँकेच्या ताब्यात ठेवता येते. विमानाचे एअर वेबिल ही केवळ माल स्वीकारल्याची व वाहतुकीच्या कराराची पावती होय. त्यावर ज्याचे नाव, त्याच्या स्वाधीन माल होतो. तेथे थेट परदेशी ग्राहकाचेच नाव घातले, तर कागदपत्रे बँकेतच असताना, एक पैसाही न चुकविता, तो माल सोडवून नेऊ शकतो. लघुउद्योजकाच्या वर्षभराच्या कमाईस हा धोका असतो.

यावर उपाय आहेत. विमानाने माल पाठविताना आगाऊ रक्कम घ्यावी किंवा पतपत्राचा आग्रह धरावा. ग्राहकाच्या बँकेच्या नावे माल पाठवावयाचा असल्यास त्या बँकेची पूर्वसंमती अवश्य मिळवावी. उधारीचा व्यवहार असेल तर ईसीजीसीच्या निर्यात पतविम्याचा विचार करावा.

मालाचा टिकाऊपणा, भाडे, अडकणारे भांडवल आणि रकमेची सुरक्षितता, अशा चार कसोट्या लावूनच वाट निवडणे श्रेयस्कर. हा विचार करार करण्यापूर्वी व्हावा. माल एकदा विमानात चढला की अटी बदलण्यास फारसा वाव उरत नाही.