चैत्रांतील गांठी आणि परदेशचें कडबोळें

फाल्गुन सरत आला कीं पिंपरी-चिंचवडच्या बाजारांतून साखरेच्या गांठींच्या पांढऱ्या, गुलाबी व पिवळ्या माळा लोंबूं लागतात. होळीला त्या घरांतील लहानग्यांच्या गळ्यांत पडतात आणि पाडव्याला कडुनिंबाच्या डहाळीशेजारीं गुढीवर चढतात. सण मावळला म्हणजे मात्र त्यांना कोणी विचारीत नाहीं. एक तुकडा प्रसाद म्हणून तोंडांत टाकावयाचा. उरलेली माळ डब्यांत जाते, ती मुंग्यांनीं शोधून काढीपर्यंत तेथेंच राहते.

२०२५ च्या पाडव्यापूर्वीं आमच्या चिंचवडच्या घरीं धाकट्या पुतण्यानें नेमका हाच प्रश्न विचारला. "आजी, ही गांठी कोणीच खात नाहीं, मग तूं आणतेस कशाला?" सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांना तें लागलें, हें आम्हां सर्वांच्या ध्यानांत आलें.

रात्रीं निजानीज झाल्यावर त्या आपण होऊनच सांगूं लागल्या. त्यांच्या माहेरीं गांठी विकत येत नसे. साखरेचा पाक चुलीवर उकळावयाचा, दुधाचा हबका मारून वर येणारी मळी काढावयाची, आणि पाक दाट झाला कीं दोरा आंथरलेल्या सागवानी सांच्यांत तो ओतावयाचा. निवल्यावर सांचा उघडावयाचा मान घरांतील सर्वांत लहान मुलाचा असे. माळ अखंड निघाली म्हणजे आरडाओरडा, आणि तुटली म्हणजे तुकड्यांची लूट! "तेव्हां गांठी उरत नसे," एवढेंच त्या शेवटीं म्हणाल्या.

चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधीचें, पवनेकांठचें जुनें गांव. १९५४ सालीं शेजारीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. त्यामागून मोटारींचे कारखाने आले. आणि २००९ सालीं चाकणला जर्मन मोटारींचें उत्पादन सुरू झालें. त्यामुळें या पट्ट्यांतील कित्येक घरांत एखादा मुलगा, जांवई किंवा सून जर्मनीस राहून आलेली असते. आमचे धाकटे भावोजी त्यांपैकींच एक. दुसऱ्या दिवशीं हा विषय निघतांच त्यांनीं तिकडे पाहिलेल्या एका सणाची हकीकत सांगितली.

जर्मनीच्या नैऋत्य भागांत हायडेलबर्ग व त्याच्या आसपासच्या गांवीं ईस्टरच्या तीन आठवडे आधींच्या रविवारीं वसंताच्या स्वागताची मिरवणूक निघते. मुलांच्या हातांत एकेक काठी असते. तिला रंगीबेरंगी कागदाच्या फिती गुंडाळलेल्या असतात, आणि वरच्या टोंकाला अंड्याचें पोकळ रंगविलेलें कवच व पिठाची एक गांठ अडकविलेली असते. कांहीं गांवीं हिवाळ्याचा पुतळाहि जाळतात. हें ऐकतां ऐकतां मामंजींनीं पंचांग खालीं ठेवलें. काठी, तिच्यावर वस्त्र, तिच्यावर गोड गांठ, आणि त्यापूर्वीं होळी! कोणीं कोणाचें घेतलें असें मुळींच नव्हे. थंडी सरल्यावर माणसाच्या मनाला जें सुचतें तें दोन्हीकडे सुचलें, इतकेंच. योगायोग असा कीं, २०२५ सालीं आपला पाडवा व त्यांचा तो रविवार हे दोन्ही एकाच दिवशीं, ३० मार्चला आले होते.

काठीवरच्या त्या गांठीला जर्मन लोक ब्रेत्सेल म्हणतात; इंग्रजींत तेंच प्रेट्झेल. मूळ शब्द लॅटिनमधील 'बाहू' या अर्थाच्या शब्दावरून आला असें मानतात, कारण तिचा आकार छातीवर दुमडलेल्या दोन हातांसारखा दिसतो. भावोजींनीं कागदावर आकृति काढून दाखवितांच सासूबाई उद्गारल्या, "अरे, हें तर कडबोळेंच!" आणि खरोखर, भाजणीऐवजीं मैदा व तळण्याऐवजीं भाजणें एवढा फरक सोडला, तर वळणाऱ्या बोटांचें काम तेंच आहे. कुरकुरीत खारें प्रेट्झेल चॉकोलेटांत बुडवून देण्याची चाल अमेरिकेंत फार रूढ आहे. तशीं करून पाडव्याला मुलांच्या हातीं द्यावीं, असा बेत मीं मांडला.

परक्या पदार्थाला सणांत जागा द्यावी काय, यावर अर्थातच वाद झाला. मामंजी माझ्या बाजूचे निघाले. "साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेचा," ते म्हणाले. "बटाटा, मिरची, भुईमूग हींहि त्याच खंडांतलीं, पोर्तुगीज येण्यापूर्वीं आपल्याकडे यांतलें एकहि नव्हतें. हे चार परके मिळून आपली एकादशी साजरी करतात. मग त्यांच्याच शेजारच्या कोकोनें काय पाप केलें?"

सासूबाईंचें उत्तर मला अद्याप विसरतां येत नाहीं. "परक्याचें मला वावडें नाहीं. पण साबुदाण्याची खिचडी आपल्या चुलीवर होते. गांठी आतां कोणाच्या चुलीवर होते? घरांत केलेली वस्तु टाकावयाला हात धजत नाहीं. विकत आणलेली डब्यांत जाते. तुमचें कडबोळें घरांत सर्वांनीं मिळून करणार असाल तर माझी ना नाहीं."

तेव्हां अट ठरली. वळावयाला पुरुषांनीं व मुलांनींहि बसावयाचें. ती आम्ही पाळली, आणि त्यानेंच खरी मौज आली.

कृति अशी. पाव किलो मैद्यांत एक चमचा यीस्ट, एक चमचा साखर, पाऊण चमचा मीठ व दोन चमचे लोणी घालून सुमारें १४० ग्रॅम कोमट पाण्यांत पीठ घट्टसर मळावें व झांकून ठेवावें. चैत्राच्या उष्म्यांत तें पाऊण तासांत फुगून येतें. लिंबाहून लहान गोळे घेऊन पोळपाटावर पेन्सिलीहून बारीक लांब वळी करावी. तिचीं दोन्ही टोंकें एकमेकांवरून एकदां पिळून घ्यावींत व वळून खालच्या कमानीवर दाबावींत. इतक्या साहित्यांत पंचवीस-तीस होतात. एक लिटर उकळत्या पाण्यांत तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून त्यांत प्रत्येक गांठ वीस सेकंद सोडावी व झाऱ्यानें निथळून काढावी. या क्षारामुळेंच भाजल्यावर तिला तांबूस वर्ण व निराळी चव येते. जर्मन पाववाले दाहक सोड्याचें पातळ द्रावण वापरतात; तें मुलाबाळांच्या घरांत आणूं नये. नंतर वर खडेमीठ भुरभुरून ओव्हनमध्यें २०० अंशांवर बारा-पंधरा मिनिटें भाजावें, आणि आंच १२० अंशांवर आणून आणखी अर्धा-पाऊण तास वाळवावें. मोडतांना 'कट्' असा आवाज आला पाहिजे.

चॉकोलेटाचें काम मात्र पहाटे उरकावें. वेष्टनावरील हिरवी खूण पाहून २०० ग्रॅम काळें चॉकोलेट घ्यावें. त्याचे दोन भाग उकळत्या पाण्यावर धरलेल्या कोरड्या भांड्यांत ४५ अंशांपर्यंत वितळवावे व खालीं उतरवून तिसरा भाग बारीक चिरून त्यांत ढवळीत राहावें. ३१-३२ अंशांवर आलें कीं निवालेल्या गांठी अर्ध्या बुडवून कागदावर मांडाव्या. ही उष्णतेची कसरत निष्कारण नाहीं. कोकोच्या लोण्याचे स्फटिक सहा प्रकारचे असतात. त्यांतील पांचवा प्रकार साधला तरच चॉकोलेट चकचकीत व कडक राहतें, नाहींतर त्यावर पांढरट बुरा येतो. पाण्याचा थेंबहि आंत जाऊं देऊं नये. माझ्या ओल्या चमच्यानें पहिल्या खेपेचें सारें चॉकोलेट रवाळ होऊन आळलें, आणि तें दुधांत घालून संपवावें लागलें.

पाडव्याच्या सकाळीं गुढी उभारली. सासूबाईंनीं तिला आपल्या लग्नांतला शालू नेसविला होता. कडुनिंब, गूळ, ओवा, मिरीं यांची गोळी सर्वांनीं तोंड वांकडें करून गिळली आणि मुलांच्या हातीं नव्या गांठी दिल्या. पुतण्यानें आपल्यांतली एक कोणाला न विचारतां गुढीला बांधली. त्याला वाटलें, जर्मन मुलें बांधतात तर आपणहि बांधावी. आम्ही जेवणाच्या गडबडींत होतों. पांचव्या प्रकारचा स्फटिक सुमारें ३४ अंशांवर वितळतो आणि चैत्राचें ऊन त्याहून कडक असतें, हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. गच्चीवर जाऊन पाहिलें तेव्हां तें शालूच्या पदरावर उतरलेलें दिसलें.

पुतण्या रडकुंडीला आला. मला तर तोंड दाखवूं नयेसें झालें. पण सासूबाईंनीं शांतपणें बर्फाचा खडा फडक्यांत बांधून डागावर धरला, घट्ट झालेलें चॉकोलेट नखानें हलकेंच सोडविलें, आणि उरलेल्या तुपकटपणावर शंखजिऱ्याची पूड दाबून ठेवली. डाग बराचसा गेला. जरीच्या कडेला पुसटशी सांवली राहिली आहे. मग त्यांनीं गुढीवरची साखरेची गांठी पुतण्याच्या हातीं दिली. भर उन्हांत तासन् तास लोंबूनहि ती कोरडी व टणक होती. "आतां कळलें," त्या म्हणाल्या, "गुढीला साखरच कां?"

तेव्हांपासून आमच्या घरीं वांटणी ठरून गेली आहे. गुढीला साखरेची गांठी. मुलांच्या हातीं चॉकोलेटांत बुडविलेलें कडबोळें. मात्र दोन्ही घरांतच व्हावयाचीं. ज्यांच्या घरीं ओव्हन नसेल त्यांनीं निदान साखरेचा पाक तरी एकदां मुलांदेखत करून पाहावा. लहान मुलांना उकळत्या पाकापासून दूर बसवावें, परंतु सांचा उघडावयाला त्यांनाच बोलवावें. पदार्थ कोणत्या देशचा याहून तो कोणाच्या हातचा, यावर तो डब्यांत पडून राहणार कीं सांजेपर्यंत संपणार, हें अवलंबून असतें, असा आमचा तरी अनुभव आहे.

सासूबाईंनीं त्याच सायंकाळीं आपल्या बंधूंना फोन करून जुन्या सांच्याची चौकशी केली. तो माळ्यावर सांपडला. एका बाजूस वाळवी लागली आहे. बारा घरांपैकीं सात शाबूत आहेत. सात गांठींची माळ आंखूड होईल खरी, पण पुतण्याच्या गळ्याला ती पुरेल.