हौसेचं हाऊस

१९८० च्या दशकातलं न्यूयॉर्क. हार्लेममधला भाड्यानं घेतलेला हॉल, रात्रीचा एक वाजून गेलेला. मधोमध लांबलचक पट्टा मोकळा सोडलाय, एका टोकाला परीक्षक बसलेत, त्यांच्याशेजारी कमरेपेक्षा उंच ट्रॉफ्यांची रांग. निवेदक माइकवरून प्रकार पुकारतो, 'एक्झिक्युटिव्ह रिअलनेस', आणि विशीतला एक कृष्णवर्णीय मुलगा थ्री-पीस सुटात, हातात ब्रीफकेस घेऊन चालत येतो. नोकरी नाही. बहुधा घरही नाही. सूट कुठून आला ते विचारू नये. दुकानातून न सांगता उचलून आणण्याला या मंडळींत 'मॉपिंग' म्हणतात, म्हणजे फरशी पुसणं. परीक्षक एवढंच बघतात, की हा पोरगा उद्या सकाळी वॉल स्ट्रीटच्या गर्दीत सोडला तर कुणाच्या डोळ्यांत येईल का. नाही येणार? मग प्रत्येकाच्या हातात दहाचा फलक. परीक्षकांना पटलं नाही, तर 'चॉप'. खेळ खलास.

हा 'बॉल'. त्यात उतरणारे संघ म्हणजे 'हाऊस'.

हाऊस म्हणजे वास्तू नव्हे. काही हाऊसची मुलं एका छपराखाली राहतात, बरीच राहत नाहीत. हाऊसला एक आई असते, कधी बापही असतो, बाकीची सगळी मुलं. मूल हाऊसमध्ये आलं की हाऊसचं नाव आडनाव म्हणून लावतं: लबेजा, निंजा, एक्स्ट्राव्हॅगान्झा, पेंडाव्हिस. ही मुलं बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, गे आणि ट्रान्स. पुष्कळांना घरच्यांनी बाहेर काढलेलं, किंवा मारहाणीला कंटाळून ती स्वतःच निघालेली. आई बहुतेक वेळा या मुलांहून चार-पाच वर्षांनीच मोठी. ती चालायला शिकवते, शिवायला शिकवते, मध्यरात्री फोन उचलते, जेवलास का म्हणून विचारते.

मराठी माणसाला इथे 'घराणं' हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. किराणा किंवा जयपूर नव्हे, हिजड्यांची घराणी, ज्यांची ओळख 'मी हिजडा, मी लक्ष्मी' या लक्ष्मीनारायण त्रिपाठींच्या आत्मकथनामुळे अनेक मराठी वाचकांना पांढरपेशा घरात बसून झाली. घरातून तुटलेल्यांनी नव्यानं नाती लावून घ्यायची, ही गोष्ट दोन्हींकडे आहे. पण साम्य इथवरच ताणावं. आपल्याकडच्या घराण्यात गुरू-चेल्याचं नातं पोटापाण्याशी आणि परंपरेशी घट्ट बांधलेलं असतं. न्यूयॉर्कचं हाऊस उभं राहिलं ते स्पर्धेसाठी. म्हणजे सरळ सांगायचं तर हौसेसाठी. हाऊस आणि हौस हा योगायोग फक्त मराठीलाच लाभलाय, आणि मला तो फार अर्थाचा वाटतो. बेघर मुलांचा विचार करताना आपण गरजेपाशी थांबतो: गादी, ताट, औषध. हाऊसनं सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून केली.

हार्लेममध्ये अशा नाचगाण्याच्या रात्री जुन्या. हॅमिल्टन लॉज या कृष्णवर्णीयांच्या मंडळाचा बॉल १८६९ पासूनचा. पुरुष स्त्रीवेशात येत, आणि १९२० च्या दशकात ते बघायला हजारो लोक जमत. कवी लँगस्टन ह्यूज यांनी आत्मचरित्रात त्याबद्दल लिहून ठेवलंय. पुढे अशा सौंदर्यस्पर्धांत गोरे आणि काळे एकत्र उतरू लागले, पण मुकुट बहुतेकदा गोऱ्या डोक्यावरच जायचा. १९६७ साली न्यूयॉर्कमधल्या अशाच एका स्पर्धेत क्रिस्टल लबेजा ही कृष्णवर्णीय स्पर्धक निकाल लागताच मंचावरून उतरून गेली आणि सगळं आधीच ठरलेलं होतं म्हणून कॅमेऱ्यासमोर तडातडा बोलली. 'द क्वीन' या १९६८ च्या माहितीपटात तो सगळा संताप टिपलेला आहे. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, लॉटी या मैत्रिणीनं गळ घातल्यावर तिनं हार्लेममध्ये स्वतःचा बॉल भरवला, फक्त कृष्णवर्णीयांसाठी. जाहिरातीत नाव टाकलं 'हाऊस ऑफ लबेजा', आणि क्रिस्टल त्याची आई झाली. शब्द उचलला होता फॅशनमधून. शनेल आणि डिओर यांची जशी हाऊसेस, तसं आमचंही. एवढी मोठी कुटुंबव्यवस्था एका हँडबिलावरून सुरू झाली म्हणायला हरकत नाही.

मग हाऊसेस भराभर निघाली. १९८२ मध्ये हेक्टर व्हाये यानं एक्स्ट्राव्हॅगान्झा काढलं, कारण तोवर सगळी हाऊसेस कृष्णवर्णीयांची होती आणि लॅटिनो पोरांना त्यांत आपली जागा नव्हती. त्या हाऊसची आई झाली अँजी. १९६४ चा जन्म, म्हणजे आई झाली तेव्हा जेमतेम अठराची. विली निंजानं 'व्होगिंग' हा नाच घासूनपुसून लखलखीत केला: मासिकातल्या मॉडेलच्या अंगस्थिती, कोनात मोडलेले हात, बसून केलेली बदकचाल, आणि मग एकदम पाठीवर कोसळणं. सांगतात की पॅरिस डुप्री हिनं 'व्होग' मासिकाचं पान उघडून त्यातल्या पोझ नाचात आणल्या. खरंखोटं देव जाणे.

बॉलमधले प्रकार वरवर पाहता थिल्लर वाटतात. चेहरा, हात, चाल, शरीर, रिअलनेस. पण रिअलनेस जरा नीट बघा. ट्रान्स मुलीनं त्यात दहा मिळवणं म्हणजे नुसती शाबासकी नव्हे. उजेडात, सबवेनं, अंगावर कुणी धावून न येता ती घरी पोचू शकते, याची ती पावती. जगण्याचीच रंगीत तालीम म्हणा. आणि तालीम घेणारे कोण, तर ज्यांनी त्याच सबवेत मार खाल्लाय ते. असा अभ्यासक्रम कुठल्या समाजकार्य महाविद्यालयात शिकवतात?

हाऊस म्हणजे काही साने गुरुजींची शाळा नव्हती, हेही सांगायला हवं. भांडणं होती, चोऱ्या होत्या, 'शेड' आणि 'रीडिंग' या नावाखाली एकमेकांचे वाभाडे काढणं ही तर कलाच मानली गेली. जेनी लिव्हिंगस्टन यांचा या जगावरचा 'पॅरिस इज बर्निंग' हा माहितीपट १९९० मध्ये आला, सनडान्सला गाजला, चाळीस लाख डॉलरच्या आसपास कमाई झाली. ज्यांच्या जगण्यावर तो उभा होता त्यांतल्या तेरा जणांत मिळून सुमारे ५५ हजार डॉलर वाटले गेले, तेही तक्रारी झाल्यावर. त्याच वर्षी मॅडोनाचं 'व्होग' आलं. तिच्या दौऱ्यावर एक्स्ट्राव्हॅगान्झा हाऊसमधले दोन नर्तक गेले. बाकीची मुलं होती तिथेच राहिली.

आणि तिथेच मरत राहिली. त्या माहितीपटात व्हीनस एक्स्ट्राव्हॅगान्झा नावाची हसरी ट्रान्स मुलगी आहे. डिसेंबर १९८८ मध्ये तिचा खून झाला, वय २३. ओळख पटवायला कुणी आलं नाही म्हणून देह जाळून टाकायच्या बेतात असताना पोलीस फोटो घेऊन आले ते अँजीकडे. व्हीनसच्या घरच्यांना बातमी तिनंच कळवली. माहितीपटात ती हे सांगते तेव्हा आवाज चढत नाही की कापत नाही, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही. अँजी स्वतः मार्च १९९३ मध्ये एड्समुळे गेली, २८ व्या वर्षी. हाऊस काढणारा हेक्टर तिच्या कितीतरी आधी गेला होता. विली निंजा २००६ पर्यंत टिकला. ४५ व्या वर्षी गेला, तोवर स्वतःच्या आजारी आईचीही सेवा त्यानं केली.

हाऊसच्या शेजारीच, जवळपास त्याच वर्षांत, दुसरा एक प्रयोग झाला होता. त्यात स्पर्धा नव्हती, ट्रॉफी नव्हती. सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा पी. जॉन्सन यांनी १९७० मध्ये 'स्टार' ही संघटना काढली. सिल्व्हिया तेव्हा १९ वर्षांची, मार्शा पंचविशीची; दोघीही रस्त्यावर देहविक्री करून जगणाऱ्या. आधी ग्रेनिच व्हिलेजमध्ये उभ्या असलेल्या एका ट्रकच्या ट्रेलरमध्ये पोरं झोपवली. एके दिवशी दोघी किराणा घेऊन परतल्या तर ट्रक निघालेला, पोरं आत! मग ईस्ट सेकंड स्ट्रीटवर २१३ क्रमांकाची पडकी इमारत भाड्यानं घेतली. अटी साध्या: तुम्ही रस्त्यावर जाऊ नका, आम्ही जातो, भाडं आम्ही भरतो. १९७१ च्या उन्हाळ्यात मालकानं बाहेर काढलं. वर्षभरही चाललं नाही. पण अशा मुलांसाठी अशाच कुणीतरी चालवलेलं निवारागृह अमेरिकेत त्याआधी क्वचितच झालं असेल.

'प्रोजेक्ट', 'प्रस्ताव', 'निधी' हे शब्द या कथेत नंतर आले. १९७९ मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाला गे असल्याबद्दल वसतिगृहात मारून बाहेर काढल्याचं कळलं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ एमरी हेट्रिक आणि प्राध्यापक डेमियन मार्टिन यांनी जी संस्था उभारली, तिचं आजचं नाव हेट्रिक-मार्टिन इन्स्टिट्यूट. १९८५ मध्ये तिनं वीसेक मुलांची हार्वी मिल्क शाळा सुरू केली. २००३ पासून ती न्यूयॉर्कची पूर्ण सरकारी शाळा आहे. अॅस्टर प्लेसवरच्या या संस्थेत समुपदेशन आहे, नोकरीचं मार्गदर्शन आहे. पण गरम जेवण, आंघोळीची सोय आणि कपडे धुण्याची यंत्रंही आहेत, आणि माझ्या मते संस्थेची अक्कल तिथे दिसते. रात्र रेल्वेच्या डब्यात काढलेल्या मुलाला सकाळी वर्गात बसताना सगळ्यात मोठी लाज वाटते ती अंगाच्या वासाची.

अॅली फोर्नी हे नावही इथलंच. तेराव्या वर्षी घराबाहेर पडलेला कृष्णवर्णीय तरुण, स्वतः रस्त्यावर राहून इतरांना एचआयव्हीबद्दल सांगत, निरोध वाटत फिरणारा. मारल्या गेलेल्या मित्रांच्या खुनांचा तपास करा म्हणून पोलिसांच्या मागे लागणारा. डिसेंबर १९९७ मध्ये हार्लेमच्या फुटपाथवर त्यालाही गोळी घातली, वय २२. त्याला ओळखणाऱ्या कार्ल सिसिलियानो यांनी २००२ मध्ये एका चर्चच्या तळघरात सहा खाटा टाकून अॅली फोर्नी सेंटर सुरू केलं. २०१२ च्या सँडी वादळात त्यांचं दिवसाचं केंद्र पाण्यात गेलं, तेव्हा ते हार्लेमला हललं आणि चोवीस तास उघडं राहू लागलं. 'गोल्डन गर्ल्स' या मालिकेतल्या नटी बी आर्थर यांनी मृत्युपत्रात संस्थेला तीन लाख डॉलर ठेवले होते. त्यांच्या नावाचं अठरा खाटांचं घर २०१७ मध्ये उघडलं. २०१२ च्या एका राष्ट्रीय पाहणीत बेघर तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी सांगितलं होतं की त्यांच्याकडे येणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुलं एलजीबीटी असतात. त्या मानानं अठरा खाटा म्हणजे किती, हिशेब ज्याचा त्यानं करावा.

या संस्था उत्तम आहेत. पण त्यांच्या दारात मूल येतं ते 'केस' म्हणून. हाऊसच्या दारात ते येतं स्पर्धक म्हणून. पहिल्या दारात त्याला विचारतात, तुला काय झालंय. दुसऱ्यात विचारतात, तुला काय येतं. हे अंतर पहिल्यांदा ओळखलं एड्सवर काम करणाऱ्यांनी. जीएमएचसी या न्यूयॉर्कच्या संस्थेनं १९८९ च्या सुमारास चक्क स्वतःचंच एक हाऊस काढलं, 'हाऊस ऑफ लेटेक्स'. नाव निरोधाच्या रबरावरून. मग 'लेटेक्स बॉल' सुरू झाला आणि हॉलच्या कडेला तपासणीची टेबलं लागली. पत्रकं वाटून न येणारी मुलं ट्रॉफीसाठी आली.

त्यातूनच २००० नंतर 'किकी' रुजलं. किकी म्हणजे गप्पाटप्पा, मजा. मोठ्या बॉलमध्ये आता फॅशन कंपन्यांची नावं आणि रोख बक्षिसं आली आहेत, खर्च पेलवत नाही. किकीची हाऊसेस विशीच्या आतबाहेरच्या मुलांची, पोशाख घरी जुळवलेले, तालमी युवक केंद्रांच्या खोल्यांत. संस्था जागा देते, तपासणीची सोय करते. हाऊस चालवतात मुलंच. यावरचा 'किकी' हा माहितीपट २०१६ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातून टेडी पुरस्कार घेऊन आला, आणि तो लिहिण्यात त्या जगातल्या ट्विगी पुची गार्सों यांचा वाटा होता. 'पॅरिस इज बर्निंग'च्या वेळी जे झालं नव्हतं, ते पंचवीस वर्षांनी झालं. आईचं वय मात्र बदललं नाही. अजूनही विशीच्या आगेमागेच.

खोली मिळाली नाही तर ही मुलं आजही हडसन नदीकाठच्या क्रिस्टोफर स्ट्रीट धक्क्यावर नाचतात. मार्शाचा देह १९९२ मध्ये याच परिसरात पाण्यात सापडला होता, आणि सिल्व्हिया म्हातारपण येण्याआधीच म्हातारी होऊन याच किनाऱ्यावर झोपडीत राहिली होती. शतक बदलताना धक्का दुरुस्तीसाठी बंद झाला. कुंपण पडलं, मुलं हाकलली गेली. तेव्हा त्यांनी 'फिअर्स' नावाची संघटना काढली, स्वतःच कॅमेरा घेऊन 'फेन्स्ड आउट' हा माहितीपट केला. २००३ मध्ये धक्का पुन्हा उघडला तो हिरवळ आणि बाकांसह. आजूबाजूच्या महागड्या घरांतल्या लोकांना आवाजाचा त्रास होऊ लागला, आणखी लवकर बंद करा अशी मागणी झाली. बैठकांना जाऊन जाऊन मुलांनी ती हाणून पाडली. रात्री एकची वेळ कायम राहिली.

एक वाजता धक्का रिकामा करायचा असतो. बॉलमध्ये एक वाजता जेमतेम पहिला प्रकार पुकारलेला असतो.