प्रेशर कुकर
वाफ कोंडून अन्न लवकर शिजविणारे झाकणबंद पात्र. फ्रेंच भौतिकीविज्ञ दनी पापँ यांनी १६७९ मध्ये त्याचे मूळ रूप तयार केले. उघड्या भांड्यात समुद्रसपाटीला पाणी १००° से.ला उकळते, मग आच वाढविली, तरी तापमान वाढत नाही. कुकरमध्ये दाब वातावरणीय दाबाच्या सु. दुप्पट होऊन तापमान सु. १२०° से. पर्यंत चढते, त्यामुळे डाळ लवकर शिजते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास ५०० कॅलरींहून अधिक उष्णता लागते व ती शिट्टीबरोबर वाया जाते. शिट्ट्या मोजण्याची घरोघरची रीत सोयीची, पण खर्चिक होय. पूर्ण दाब आल्यावर आच मंद केल्यास तापमान तेवढेच राहून इंधन वाचते. आच बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत अन्न शिजत असते. तो अवधीही जमेस धरावा.