गिधाडांचा ऱ्हास आणि जनपदाचे आरोग्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात मांसवर्गाचे आठ गट सांगितले आहेत. झडप घालून वा ओरबाडून खाणारे ते प्रसह, पायांनी उकरून खाणारे ते विष्किर, चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद. उरलेल्या गटांना प्राण्यांच्या निवासस्थानावरून नावे आहेत. कोण कोठे राहतो आणि कसे खातो, यावरून त्याची ओळख ठरते, हे सूत्र आपल्या शास्त्राला परिचित होते. आधुनिक परिसरविज्ञानातील अन्नसाखळीची कल्पना याच प्रश्नाभोवती उभी आहे. ही साखळी एका ठिकाणी तुटली असता काय घडते, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. ते म्हणजे प्रसह वर्गातील गृध्र, अर्थात गिधाड.

अंबड परिसरात लहानपण गेलेल्या माझ्या पिढीला हे दृश्य आठवत असेल. गावाबाहेरच्या माळावर मेलेला बैल टाकला की थोड्याच वेळात आकाशात घिरट्या सुरू होत आणि संध्याकाळपर्यंत हाडांचा सापळा तेवढा उरे. आज तोच माळ आहे, मेलेली जनावरेही आहेत. मात्र आकाश रिकामे असते आणि जनावराभोवती कुत्र्यांची टोळी असते.

भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांची घट सुमारे ९७ टक्के होती. हा रोग संसर्गजन्य असावा, असे प्रारंभी वाटले. २००४ मध्ये खरे कारण समोर आले. जनावरांच्या वेदना व सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे ते कारण होय. हे औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराच्या मांसात त्याचा अंश राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, युरिक आम्लाचे पांढरे कण यकृत, हृदय इत्यादी अवयवांवर साचतात आणि काही दिवसांत ते मरते. शंभरांत एखादेही मृत जनावर असे दूषित असले तरी एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे ठरते, कारण एका जनावरावर अनेक गिधाडे एकत्र जेवतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही.

गिधाडाच्या जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असते. सडक्या मांसातील अनेक रोगजंतू तेथे नष्ट होतात. कुत्र्याला हे काम तितके साधत नाही. उलट त्या अन्नावर त्याची संख्या वाढते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९९२ ते २००३ या काळात गिधाडांच्या अभावी देशात किमान ५५ लाख कुत्रे वाढले आणि त्यामुळे ४७ हजारांहून अधिक माणसे अलर्कविषाने, म्हणजे रेबीजने, दगावली असावीत. २०२४ मधील एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने सर्व कारणे धरून २००० ते २००५ या पाच वर्षांतील जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे ५ लाख इतका मांडला आहे.

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या वर्णनात दूषित देशाची लक्षणे सांगताना माश्या व उंदीर यांची वाढ आणि कुत्र्यांच्या टोळ्यांचे ओरडणे यांचा उल्लेख केला आहे. त्याच यादीत स्मशानातील पक्ष्यांची वाढही येते. अतियोग ही जशी विकृती, तसाच हीनयोगही. पूर्वी त्यांचे आधिक्य हे दुश्चिन्ह होते. आज त्यांचा अभाव हे दुश्चिन्ह आहे.

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये त्या बंद करून ३ मिलीच्या एकमात्रा कुपीचे बंधन आले. २०२३ मध्ये अॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांनाही पशुवापरात बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेला पर्याय उपलब्ध आहे.

या विषयात आपण वैद्य काय करू शकतो? आपल्याकडे येणारा रुग्ण बहुधा शेतकरी असतो. स्वतःच्या सांधेदुखीसाठी मिळालेले इंजेक्शन बैलाला टोचू नये आणि जनावरांचे औषध पशुवैद्यकाकडूनच घ्यावे, हे त्याला एका वाक्यात सांगता येते. दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. श्वानदंशाचा रुग्ण आला असता जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याला त्वरित लसीकरणासाठी पाठवावे. जलत्रास उद्भवल्यावर रोग असाध्य होतो, हे सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात स्पष्ट सांगितले आहे. म्हणून केवळ आपल्या औषधांवर विसंबून एकही दिवस घालवू नये.

एका गोठ्यात टोचलेले औषध माळावरील पक्ष्याला मारते आणि त्याची किंमत गल्लीतील बालक मोजते. औषध देताना ते पुढे कोणाच्या पोटात जाणार, हा विचारही चिकित्सेचाच भाग मानावयास हवा.