आधी घर, मग बाकीचं

बेघर माणसाला आधी घर द्यायचं, की आधी त्याची दारू सोडवायची?

फिनलंडने 2008 मध्ये ठरवलं, आधी घर. म्हणजे स्वतःच्या नावावर भाडेकरार, हातात किल्ली आणि लागेल तेव्हा मदतीला समाजसेवक. हेलसिंकीत 250 खाटांचा एक जुना निवारा होता, 2012 मध्ये त्याचे 81 फ्लॅट झाले. देशातल्या एकट्या बेघर माणसांची संख्या सुमारे 8 हजारांवरून 2023 अखेर 3,429 वर आली.

मग सरकारने बचत काढली. 2024 मध्ये घरभाड्याचा भत्ता कापला. वर्षअखेरचा आकडा 3,806! सगळा दोष या एकाच कपातीचा, असं मी म्हणत नाही. पण भत्ता घटला म्हणून घरमालक भाडं कमी करत नाही ना. भाडं थकलं की घर जातं. मग तोच माणूस निवाऱ्यात, हॉस्पिटलात, पोलीस चौकीत दिसतो आणि तो खर्चही सरकारच्याच तिजोरीतून जातो.

म्हणून माझा अशा कपातीला विरोध आहे. कुणी तिला बचत म्हणालं, तर विचारा, हा पुढचा खर्च हिशोबात धरलाय का?