प्रतिज्ञापत्रावर शपथ कोण देऊ शकतं? कोर्टातला क्लार्क, नोटरी की मोबाईल अ‍ॅप?

अ‍ॅडमिशनचे दिवस आले की छत्रपती संभाजीनगरमधल्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न हमखास येतो: गॅप सर्टिफिकेटसाठी प्रतिज्ञापत्र कुठे करायचं? आता त्यात अजून एक भर पडली आहे: ‘घरबसल्या अ‍ॅफिडेव्हिट’ देणाऱ्या लिंकवर पैसे भरले तर चालेल का?

उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे. कागदाला प्रतिज्ञापत्र बनवतो तो स्टॅम्प पेपर नाही. अधिकार असलेल्या माणसासमोर तुम्ही घेतलेली शपथ त्याला प्रतिज्ञापत्र बनवते.

कोर्टातल्या क्लार्कला हा अधिकार असतो का?

असतो, पण नुसत्या खुर्चीमुळे नाही. शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ३ मध्ये दोन वाटा आहेत. कोर्टाच्या कामासाठीचं प्रतिज्ञापत्र असेल तर उच्च न्यायालय एखाद्या व्यक्तीला शपथ देण्याचा अधिकार देतं. बाकीच्या प्रतिज्ञापत्रांसाठी तो अधिकार राज्य सरकार देतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३९ सुद्धा न्यायालय, मॅजिस्ट्रेट, नोटरी आणि नेमलेले अधिकारी अशीच यादी देतं.

म्हणजे समजा, जात पडताळणीच्या निर्णयाविरुद्ध तुम्ही इथल्या खंडपीठात (ते १९८१ पासून शहरात आहे) याचिका केली. तिच्यासोबतचं प्रतिज्ञापत्र नेमलेल्या कोर्ट अधिकाऱ्यासमोर करता येतं. पण कॉलेजचं गॅप सर्टिफिकेट घेऊन त्याच टेबलापाशी गेलात, तर “हे आमचं काम नाही” असं उत्तर मिळू शकतं. तो अडवणूक करत नसतो, त्याचा अधिकारच तेवढा असतो.

मग आपण कुठे जायचं?

नोटरीकडे, किंवा तहसील कार्यालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर. नोटरी अधिनियम, १९५२ च्या कलम ८ नुसार नोटरी शपथ देऊ शकतो. त्याचा गोल शिक्का ५ सेंटीमीटर व्यासाचा असतो. त्यावर त्याचं नाव आणि कार्यक्षेत्र असतं. केलेल्या कामाची नोंद त्याला रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. अदालत रोडवर काळा कोट दिसला म्हणजे नोटरीच भेटला असं समजू नका. साधा वकील तुमची ओळख पटवू शकतो, शपथ देऊ शकत नाही.

आधार ई-साईन केली तर?

इथेच गल्लत होते. ई-साईन सांगते की सही तुमची आहे. तुम्हाला कोणी शपथ दिली का, हे ती सांगत नाही. त्यामुळे अ‍ॅपवरून मजकूर टाईप करून घ्यायला हरकत नाही, पण न भेटताच शिक्का मारलेली पीडीएफ आली तर सावध व्हा. नोटरी कायदा १९५२ चा आहे, त्यात व्हिडिओ कॉलचा उल्लेखच नाही.

“मग भाडेकरार कसा घरबसल्या होतो?” चांगला प्रश्न! तिथे शपथ नसते, कबुली असते: हा दस्त मीच केला, सही माझीच. ही कबुली घेण्याचा अधिकार दुय्यम निबंधकाचा, आणि त्याच्याच खात्याने आधार बायोमेट्रिकची ऑनलाईन सोय केली आहे. अधिकारी तोच, फक्त खिडकी मोबाईलवर आली. आणि हो, लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, नुसती नोटरी पुरत नाही.

खोटं लिहिलं तर?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास ७ वर्षांपर्यंत आणि इतर वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून एजंटने पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. मजकूर कोणीही टाईप केलेला असो, खाली नाव तुमचं असतं.

पैसे भरण्याआधी हे बघा

- प्रतिज्ञापत्र खरंच लागतं का? ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने अनेक सरकारी कामांत त्याऐवजी साधं स्वयंघोषणापत्र चालतं.
- स्टॅम्प पेपर लागतो का? जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. कॉलेजसाठी हवं असेल तर आधी कॉलेजलाच विचारा.
- शिक्क्यावर नाव आणि कार्यक्षेत्र वाचता येतं का?
- रजिस्टरमध्ये तुमची नोंद झाली का? कागदावरचा नोंद क्रमांक तपासा आणि फोटो काढून ठेवा.

शपथेत देवाचं नाव घ्यायचं नसेल तर “गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो” किंवा “करते” म्हणा. कायद्यात दोन्ही सारखंच. अ‍ॅडमिशनच्या शेवटच्या दिवशी कागद परत आला तर लिंकवाला फोन उचलेलच असं नाही. रांगेत उभ्या असलेल्या मित्रमैत्रिणींना ही माहिती आजच पाठवा!